शोभाची पहिली होत्तोक

हिवाळ्यात दुपारचं ऊन आमच्या स्वयंपाकघरात आधी शोभाच्या मनगटावर उतरतं, मग ओट्यावर. बांगड्या मागे सारून ती तळव्यांना तेल लावते आणि पातेल्यातल्या फुगलेल्या पिठाचा गोळा तोडते, तेव्हा एक ओला, मंद आवाज होतो, झोपेतल्या मुलाने कूस बदलावी तसा. पीठ बोटांना सोडत नाही आणि तीही त्याला ओढत नाही, सुटेपर्यंत थांबते. तीस वर्षं मी या बाईबरोबर राहतो आहे, पण हे थांबणं तिने कुठून आणलं ते मला ठाऊक नाही. माझ्याकडून तर नक्कीच नाही.

मी फरशीचा माणूस. रायपूर राजधानी झालं तेव्हा इथे जिकडेतिकडे घरं उठत होती, आणि यवतमाळहून एका पिशवीनिशी आलेला मी दुसऱ्याच्या दुकानात फरशीच्या पेट्या उचलत होतो. आज तेलीबांध्याला माझं दुकान आहे, चौबे कॉलनीत घर आहे, आणि दोन्ही मी आवाज चढवून मिळवली आहेत. कोथिंबिरीची जुडी असो की ग्रॅनाइटचा ट्रक, समोरच्याने सांगितलेल्या पहिल्या भावाला मी कधी हो म्हटलेलं नाही. बाजारात शोभा माझ्यामागे चार पावलांवर उभी असते. मी भांडून पुढे सरकलो की ती भाजीवालीकडे पाहून अशी काही हसते, की पुढच्या आठवड्यात ती बाई मला शिव्या न देता माल देते. नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखा तिचा आवाज आहे. गार, स्वच्छ, आणि आपण त्यावरून चाललो की आपलीच पावलं उमटलेली दिसतात.

वरच्या खोल्यांत मृणाल भाड्याने राहते. मुलगी बिलासपूरच्या मराठी घरातली, नोकरी नव्या रायपूरच्या एका कार्यालयात. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. दर रविवारी या दोघी कोरियाच्या मालिका बघतात आणि तिथूनच ही होत्तोक आमच्या तव्यावर आली. खमीर घातलेल्या मैद्यात थोडं इथलं तांदळाचं पीठ, आत गूळ, शेंगदाण्याचं कूट, तीळ आणि दालचिनी. "हे तं संक्रांतीची पोळीच हाय, नाव तेवढं परदेशी," मी म्हटलं होतं. शोभाच्या हातांनाही पहिल्यांदा तसंच वाटलं. तिने सवयीने गोळा पोळपाटावर घेऊन लाटला, आणि तव्यावर गूळ फुटून काळाठिक्कर झाला. "आंटी, बेलन नहीं!" मृणाल ओरडली. ही लाटायची नसते. गोळा तसाच तेलात सोडायचा, खालून लाल होईस्तोवर त्याला हात लावायचा नाही, मग उलटवून वाटीच्या सपाट बुडाने एकदाच दाबायचं. शोभा हे एका दिवसात शिकली.

त्याच महिन्यात एका संध्याकाळी जिन्यात मृणाल भेटली आणि सहज विचारून गेली, "अंकल, आंटी की रिपोर्ट आई क्या?"

कसला रिपोर्ट? मी विचारलं, तेव्हा तिचा चेहरा उतरला. छातीत गाठ होती. शोभाच्या हाताला लागून आठ दिवस झाले होते. मृणालच्या स्कूटरवर मागे बसून ती दवाखान्यात जाऊन आली होती, डॉक्टरने सुईने तपासायला घेतलं होतं, आणि या आठही दिवसांत मी रोज दोन वेळा तिच्या हातची गरम पोळी खात होतो.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओरडलो. "मले काहून नाही सांगितलं? मी मेलो होतो का?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमाले सांगितलं असतं तं तुमी त्या डॉक्टरशीच भांडत बसले असते. मले भांडण नोको होतं जी. मले झोप पायजे होती."

"अन् त्या पोट्टीले सांगितलं!"

"ती नुसतं ऐकते."

हे मला लागलं. आजही लागतं.

रिपोर्टला अजून तीन दिवस होते. तपासणीवाल्यांना मी दोनदा फोन केला, आवाज चढवला, पलीकडून दोन्ही वेळा एकच शांत उत्तर आलं, "सर, टाइम लगेगा." तीन दिवस दुकानात माझं मन नव्हतं. घरी मी शोभाकडे पाहत बसे. दिवा लावताना तिच्या मानेची होणारी बारीक कमान, केसांत शिरलेली रुपेरी रेघ, कपडे वाळत घालताना पदराआड शिरून अर्धवट थांबलेला वारा. हे सगळं माझ्या घरात इतकी वर्षं होतं, आणि मी ते असं पाहत होतो जणू कोणी ते न्यायला दारात उभं आहे.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच तिने पीठ भिजवून ओल्या फडक्याखाली उन्हात ठेवलं. मी येता-जाता फडकं उचलून पाहायचो.

"सारखं उघडू नोका हो, हवा लागते," ती म्हणाली.

फुगणारी कुठलीच गोष्ट त्या दिवशी मला पाहवत नव्हती, आणि पाहिल्यावाचून राहवतही नव्हतं.

दुपारी पहिली होत्तोक तव्यावर असताना मृणाल अनवाणी जिना उतरत आली, हातात फोन. "आंटी, कुछ नहीं है! सादी गाँठ है. डॉक्टर बोले, बस छह महीने में एक बार दिखा देना."

शोभाने आधी होत्तोक उलटली, वाटीने दाबली, गॅस बारीक केला. मग "हं" म्हणाली.

आमच्या घरी तव्यावरचं पहिलं देवाला जातं, दुसरं माझ्या ताटात, आणि ती स्वतः गॅस बंद झाल्यावर बसते. त्या दिवशी तिने पहिली होत्तोक बशीत घेतली, मोडली, फुंकर घातली आणि ओट्याशी उभ्या उभ्याच खाल्ली. वितळलेला गूळ मनगटापर्यंत ओघळला, तोही तिने चाटला. जीभ पोळली असणार. डोळ्यांत पाणी आलं ते त्या गुळानेच, असं मी म्हणणार नाही.

"अन् मले?" मी विचारलं.

"थांबा जराशे."

मी थांबलो. जड पेटी उतरवून ठेवल्यावर खांदा जसा आपोआप वर येतो, तसं आत काहीतरी वर येत होतं, आणि मी ओट्याची कड धरून उभा होतो.

आता ती पुन्हा काम करताना गुणगुणते आणि घरात श्वास मोकळा फिरतो. मी मात्र अधूनमधून ते आठ दिवस आठवायला बसतो. तिने कुठलं लुगडं नेसलं होतं, पोळी वाढताना तिचा हात क्षणभर छातीशी गेला होता का? काही दिसत नाही. त्या आठवड्यात मी कोणाशी भांडलो ते शब्दासकट आठवतं. रोज हातभर अंतरावर बसलेलं माणूस एवढं लांब जाऊन परत येतं, आणि काळ त्याची आठवण ज्याने पाहिलं त्याच्याच ओंजळीत टाकतो. त्या आठ दिवसांतली शोभा मृणालजवळ आहे. ती कशी दिसत होती, एवढं त्या मुलीला विचारायला माझी जीभ अजून उचलत नाही.