हाकेला ओ

मंचावर तीन खुर्च्या, एक माइक आणि पाण्याचे दोन ग्लास. खाली दहा-दहा खुर्च्यांच्या नऊ रांगा, त्यांतल्या मागच्या दोन रिकाम्या. तरीही चाळीसेक पालक भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे होते. बसले तर आपला राग कमी वाटेल, अशी बहुधा त्यांना भीती होती.

कानवाली तिसऱ्या रांगेत बसली होती. रुग्णालयात ती कान तपासायची, म्हणून गल्लीत सगळे तिला याच नावाने ओळखत. तीही रागावायची नाही.

माइक औषधाच्या दुकानवाल्याच्या हातात होता. "सहावीतली पोरं ही! बुटाची नाडी धड बांधता येत नाही अजून, आणि तुम्ही त्यांना विचारता, बाबा रे, तू नक्की मुलगाच आहेस ना?"

सभागृहात हशा पिकला. मंचावरची तरुण शिक्षिका हसली नाही.

"मी असं कोणालाही विचारलं नाही," ती म्हणाली. "काही मुलांना आपण मुलगी नाही, किंवा मुलगा नाही, असं वाटतं. वाटलं तर त्यात वेडं काही नाही, एवढंच सांगितलं. ज्याला बोलायचंय त्याने माझ्याशी बोलावं, असंही म्हटलं."

"आणि घरच्यांना न सांगता तुम्ही ऐकून घेणार!"

शिक्षिकेने ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. "असा तास घेणार आहे, हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं."

दुकानवाल्याचे निम्मे बोलणे कानवालीला पटत होते. आईला विचारल्याशिवाय ती कुठल्याही लेकराच्या कानाला हेडफोन लावत नसे. मग शाळेने आपल्याला एका शब्दाने विचारू नये? त्यात तिची मुलगी गेले काही दिवस घरी जेवणापुरतीच समोर येत होती. जन्मली तेव्हा बाहुलीएवढी होती म्हणून घरात सगळे तिला ठकी म्हणत. आता ती बारा वर्षांची होती.

कानवाली उठली. भांडायला नव्हे; तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

"माझी मुलगी सहावी 'ब'मध्ये आहे," तिने तिथूनच विचारले. "घरी हल्ली फार गप्प असते. ती काही बोलली का तुमच्याशी?"

शिक्षिकेने तिच्याकडे पाहिले. 'नाही' म्हणाली असती तर विषय तिथेच मिटला असता. पण तिला खोटे बोलायचा सराव नसावा.

"ते मी इथे नाही सांगू शकत, ताई."

पुढच्या दोन्ही रांगांनी माना वळवल्या. "घ्या!" दुकानवाला म्हणाला. "मिळालं उत्तर."

सभा सुटल्यावर कानवालीने तिला जिन्यापाशी गाठले. शिक्षिकेचे डोळे लाल झाले होते.

"तुम्ही मला एकटीला गाठून विचारायचं होतंत," ती म्हणाली.

"आणि तुम्ही मला आधी सांगायचं होतंत."

वरून पालकांचा लोंढा उतरत होता, दोघी भिंतीला सरकल्या.

"वर्गात दुसऱ्या नावाने हाक मारा, एवढंच मागितलं," शिक्षिका हळू आवाजात म्हणाली. "घरी सांगणार नाही, असा शब्द दिला होता मी. तो आता गेलाच."

"कोणत्या नावाने?"

"ते घरीच विचारा. फक्त रागावू नका, एवढं ऐका माझं."

कानवालीने रात्री जेवताना मुलीला विचारले. रागावली नाही. "कोणतं नाव गं?"

"काही नाही."

"सांग तरी. मी काय खाणार आहे का तुला?"

"काही नाही म्हटलं ना."

बाप फ्रिज दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांच्या स्वयंपाकघरांत पाठ मोडून आला होता, आणि घरातला ताण त्याला हसण्यावारी न्यायची सवय होती. "नाव म्हणजे काय सदरा आहे का," तो म्हणाला, "नाही आवडला, बदलून आणला?"

मुलीने ताट उचलून मोरीत ठेवले. त्यात अर्धी भाजी तशीच होती.

सभेतली गोष्ट पालकांनी घरी नेली आणि घरून ती पोरांनी वर्गात आणली. मधल्या सुट्टीत हिच्या बाकावर कोणी बसेना. मुलींच्या रांगेत उभी राहिली की मागून कोणीतरी विचारी, "अगं की अरे?" शाळेने तो तास बंद केला. शिक्षिकेला दुसऱ्या शाखेत पाठवले. पालकांनी मुख्याध्यापिकांचे आभार मानले, आणि त्या गर्दीत कानवालीही होती, कारण शेजारणीने तिला हाताला धरून नेले होते.

त्यानंतर मुलगी हाकेला ओ देईनाशी झाली.

"ठकी, दूध तापलंय." काही नाही. "ठकी, ए ठकी, दार लाव." काही नाही. खांद्याला हात लावला की मान वर करायची, सांगितलेले काम करायची, पुन्हा पुस्तकात. आदळआपट नाही, रडणे नाही.

"मुद्दाम करतेय," बाप म्हणाला.

"सर्दी झाली होती तिला," कानवाली म्हणाली. "कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं असेल. मुलांना होतं तसं. ऐकूच येत नाही मग नीट."

"अगं मग तपास की. दुनियेचे कान बघतेस!"

पडद्यामागचे पाणी औषधाने उतरते. तिने अशी किती मुले बरी होताना पाहिली होती. आईबापांनी हट्टी म्हणून मारलेली मुले, आणि मग कळायचे की बिचाऱ्याला ऐकूच येत नव्हते. पाणीच निघू दे, असे तिला इतक्या जोरात वाटत होते की शनिवारी सकाळी मुलीला रुग्णालयात नेताना तिने वाटेत तिला आवडीचे बिस्किटाचे पुडके घेतले.

खोलीला दोन जाड दारे होती आणि मध्ये काच. मुलगी आतल्या खुर्चीत बसली. उजव्या कानाला लाल, डाव्याला निळा, असे कानवालीने हेडफोन नीट बसवले, तिचे केस मागे सारले. हातात बटण दिले. "अगदी बारीक आवाज आला तरी दाब हं."

मुलीने मान हलवली.

बाहेर येऊन तिने आवाज सुरू केला. दाबले. दहा डेसिबलने कमी केला. दाबले. आणखी कमी केला. काचेपलीकडचा अंगठा बरोबर वेळेवर हलत होता. एक कान झाला, दुसरा झाला. इतका बारीक आवाज पकडणारे कान तिने त्या आठवड्यात दुसरे पाहिले नव्हते.

शब्दांची चाचणी राहिली होती. ओठ वाचता येऊ नयेत म्हणून तिने तोंडापुढे कागद धरला आणि माइकवर बोलू लागली.

"पाटी."

"पाटी," मुलगी म्हणाली.

"दोरी."

"दोरी."

"खिडकी."

"खिडकी."

असे अठरा शब्द झाले. एकोणिसाव्याच्या आधी, तसाच आवाज ठेवून, ती म्हणाली, "ठकी."

मुलगी गुडघ्यांकडे पाहत राहिली. बटणाची वायर तिने बोटाभोवती गुंडाळली होती.

कानवालीने आवाज पंधराने वाढवला. "ठकी."

काही नाही.

आणखी पंधराने वाढवला. एवढ्या आवाजाला म्हातारी माणसेसुद्धा दचकतात. "ठकी."

मुलगी दचकली नाही. तिने फक्त वायर सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

दुसरे नाव घेऊन पाहता आले असते, पण ते कानवालीला ठाऊक नव्हते. तिने आवाज होता तिथे आणला.

"बादली."

"बादली."

"चाक."

"चाक."

उरलेले पाच शब्दही तिने वाचले. मग कागद खाली ठेवला, पेन उघडले आणि प्रत्येकाच्या तपासणीनंतर लिहायची तशी ओळ लिहिली.

उजवा कान दहा डेसिबल. डावा कान दहा डेसिबल. शब्द पंचवीसपैकी पंचवीस.