सफियाच्या मापाची बंदूक

"तुकडा किधर है?" म्हणत त्या माणसानं बंदुकीचा दस्ता काउंटरवर असा आपटला की काच तडकली.

काउंटरमागे नंदकुमार होता. कुवेतमधल्या शुवैखच्या त्या शिकारी बंदुकांच्या दुकानात तो बावीस वर्षं दस्ते बसवत होता. मूळचा सावंतवाडीचा, लाकडी खेळणी करणाऱ्या घरातला. "तुमका लाकूड कळता, माणसा कळनत नाय," असं त्याची बायको वासंती फोनवर म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं. आजचं संकट त्यानं स्वतःच्याच तोंडानं ओढवून घेतलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी या माणसाची बायको सफिया स्वतःच्या नावाचा परवाना घेऊन आली होती. चण शाळकरी मुलीएवढी. घर जहरा गावाच्या बाहेर, एकटं. विक्रीवरचा उदय, वेंगुर्ल्याचा, तिला दुकानातली सगळ्यात महागडी, जड बंदूक दाखवायला लागला. नंदकुमारनं मधेच तोंड घातलं.

"ती नको रे. धक्क्यान बाई मागे पडतली. वीस बोराची हलकी दाखय, आपोआप भरणारी. दर बाराक दांडो ओढूक लागना नाय."

मग माप. हात कोपरात वाकवायचा आणि तिथून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत दोरा धरायचा. एक टोक सफियानं धरलं, दुसरं नंदकुमारनं चिमटीत पकडलं. तेवढ्यात तिची बाही मागे सरकली. हातभर काळेनिळे डाग होते, बोटं मोजता येतील असे.

"दरवाज़ा तोड़कर कोई अंदर आए तो?" तिनं हळूच विचारलं.

ती चोराबद्दल विचारत नव्हती, एवढं नंदकुमारलाही कळत होतं. त्यानं दस्ता दोन इंच कापला, रबराची गादी लावली आणि तिच्या खांद्याला तीनदा लावून पाहिला.

बंदूक न्यायला मात्र नवरा बरोबर आला आणि तिथं कारागिराची मिजास नडली. नंदकुमारनं खण उघडून कापलेला तुकडा कौतुकानं दाखवला. पोरं मोठी होतात, त्यांचे दस्ते पुन्हा लांब करावे लागतात, म्हणून तो तुकडे कधी फेकत नसे. नाव घालून ठेवायचा. "जब बोलो, वापस लगा दूँगा साहब. जोड़ दिखेगा भी नहीं." नवरा तेव्हा नुसता हसला होता.

आता तो हसत नव्हता. "वापस लंबा करो."

का, ते उघड होतं. बंदूक विकायची तर बायकोची सही हवी. हरवली तर पोलीस विचारणार. लांब केली की तिच्या काखेत अडकणार आणि ऐन वेळी खांद्याला लागणारच नाही; आणि जोड दिसू नये तर तोच तुकडा हवा.

"दी रे तो," उदय कुजबुजला. "तुजो इकामो जातलो, हंय रवाचो परवानो. चेडवाचा शिक्षण अर्ध्यार आसा."

"गुम हो गया, साहब," नंदकुमार म्हणाला.

दस्ता त्याच्या तोंडावर बसला. दोन दात हातात आले. नवऱ्यानं खण ओढून जमिनीवर उलटा केला. चाळीसेक तुकडे पडले, सगळ्यांवर नावं मराठीत. त्यानं नंदकुमारची मान धरून त्याला त्या ढिगात खाली दाबलं. लाकडांवर रक्त ठिबकू लागलं.

"कौनसा?"

नंदकुमारनं तुकडा उचलला. खरा. तो घेऊन मुकाट्यानं करवतीच्या यंत्राकडे गेला, बटण दाबलं आणि तुकडा उभा चिरला. मग परत चिरला. नवऱ्याला कळायला क्षणभर लागला. मग त्यानं नंदकुमारचं उजवं मनगट दोन्ही हातांनी पकडलं आणि पात्यावर रेटलं.

उदयच्या ओरडण्यानं शेजारच्या गॅरेजमधली माणसं धावत आली. तोवर नवरा बंदूक घेऊन गाडीत बसला होता. तर्जनी भुशात सापडली, पण हॉस्पिटलमध्ये ती जोडता आली नाही. मालकानं कागदावर 'कामावरचा अपघात' असं लिहिलं. इकामा वाचावा म्हणून नंदकुमारनं त्याखाली डाव्या अंगठ्याचा ठसा उमटवला. त्या ठशाची त्याला बोटापेक्षा जास्त लाज वाटली.

महिन्याभरानं सफिया भावाबरोबर आली. एक डोळा अजून सुजलेला होता.

"मैं बंदूक लेकर कमरे में बंद हो गई थी. जुम्मे की दोपहर को दरवाज़ा टूटा," ती म्हणाली. "मैंने एक ही बार चलाया. उसका पैर कट गया." बंदूक पोलिसांकडे होती, खटला चालायचा होता, आणि निकाल काय लागेल ते तिलाही ठाऊक नव्हतं.

बावीस वर्षं नंदकुमार गिऱ्हाइकांना जे विचारत आला होता, तेच त्यानं विचारलं. "कंधा?"

तिनं खांद्यावर हात ठेवला. "दर्द नहीं हुआ."

त्याचे डोळे भरून आले. तिला बँडेज दिसू नये म्हणून त्यानं हात काउंटरखाली घेतला, पण तिनं ते आधीच पाहिलं होतं. ती भावाच्या मागून निघून गेली.

मागे एक म्हातारा गिऱ्हाईक हात वाकवून उभा होता. नंदकुमारनं दोरा घेतला, म्हाताऱ्याच्या कोपरापासून पेरापर्यंत ताणला. टोक चिमटीत धरायला गेला तर ते निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं.

"उदय," तो म्हणाला, "हंय ये. तुजी चिमटी धर."