चित्रासमोरची खुर्ची

आम्ही बायकांनी चालवलेल्या कलादालनात एक रीत आहे. प्रदर्शनाच्या शेवटच्या संध्याकाळी प्रत्येक चित्रासमोर दोन खुर्च्या मांडायच्या. एकीवर चित्र काढणारीने बसायचं, दुसरीवर ज्याला वाटेल त्याने येऊन बसायचं आणि चित्राबद्दल बोलायचं. भाषणबिषण काही नाही.

यंदा माझ्या थोरल्या जाऊबाईंचं पहिलंवहिलं चित्र लागलं होतं. सकाळीच मला म्हणाल्या, "एकजण जरी येऊन बसलं ना, तर पुढचं काढीन. नाहीतर ब्रश माळ्यावर."

"अहो, रांग लागेल रांग!" मी ठोकून दिलं.

आणि बाई स्वतः बसतील तर शपथ! दारात कुणी आलं की या धावल्या. "दे गं ती पर्स इकडे, कशाला ओझं वागवतेस?" चहा द्यायला वेगळ्या बायका होत्या, तरी ट्रे यांच्याच हातात. आणि सगळ्यांच्या पिशव्या, पर्सा, छत्र्या, एक हेल्मेटसुद्धा, नेऊन ठेवलं कुठे? स्वतःच्या चित्रासमोरच्या दोन्ही खुर्च्यांवर! लोक यायचे, तो ढीग बघायचे आणि शेजारच्या चित्रासमोर जाऊन बसायचे. मी पिशव्या उचलल्या की या परत आणून ठेवायच्या. माझं डोकंच फिरलं.

"ताई, हे प्रदर्शन आहे की सामानघर?"

कसनुसं हसल्या. "राहू दे गं. कुणी येतंय थोडंच."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. रिकामी खुर्ची बघायची भीती वाटत होती बिचारीला. मला फार वाईट वाटलं.

दालन बंद व्हायला आलं तेव्हा काठी टेकत सासूबाई आल्या. घरात ब्रश दिसला की "नसते उद्योग" म्हणणाऱ्या. म्हटलं, झालं, हीच कसर राहिली होती!

त्या चित्रासमोर थांबल्या. मागच्या दाराची पायरी आणि तिच्यावर पाठमोरी बसलेली एक म्हातारी, एवढंच चित्र. बराच वेळ बघत राहिल्या. मग "कुणाचा हा पसारा?" म्हणत काठीने एकेक पिशवी खाली ढकलली. हेल्मेट गडगडत गेलं. आणि बसल्या.

"हे गेले त्यानंतरचं ना?"

"हो." जाऊबाई ट्रे धरून तशाच उभ्या.

"मला वाटायचं, तिथे बसलेली मी कुणाला दिसत नाही."

"मी स्वयंपाकघराच्या खिडकीत असायचे, आई."

"मग बाहेर का नाही आलीस?"

"तुम्हाला आवडलं नसतं."

"नसतंच आवडलं." सासूबाईंनी सगळ्यांदेखत डोळे पुसले. "पण तू होतीस म्हणजे."

मी हेल्मेट उचलायच्या निमित्ताने खाली वाकले, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात दारातून कुणीतरी ओरडलं, "अहो, माझी निळी पर्स कुठे ठेवलीत?" जाऊबाई सवयीने वळल्या. सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"तिची ती शोधेल. तू बस."

ट्रे मी घेतला. जाऊबाई बसल्या.

"आणि हे बघ," सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या चित्रात मला तोंड इकडे करून बसव."