जुन्या कर्नलचे आकडे

माझं नाव ज्ञानदा. रायपुरात गुढ़ियारीले, रेल्वे लाइनच्या अलीकडे, आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. त्याच्या मागच्या खोलीत दोन सर्व्हर आहेत आणि चौदा वर्षांपासून त्यांची मालकीण मी. मालकीण म्हणजे पगारीच, पण त्यांना हात लावायचा तर मले विचारून लावा, असा माझा कायदा होता. मीटिंगमध्ये मी हे मोठ्या तोऱ्यात सांगायची.

आमची संस्था सिकलसेल तपासते. शाळेत शिबिर लावायचं, पोरांच्या बोटाले सुई टोचायची, थेंबभर रक्त घ्यायचं, निकाल पाहायचा आणि टॅबलेटवर नाव, बापाचं नाव, पारा म्हणजे गावातली वस्ती, निकाल, सगळं भरायचं. ज्यांच्या रक्तात दोष निघाला त्यांची यादी सर्व्हर काढते. पंधरा दिवसांनी डॉक्टर त्या पोरांपाशी परत जातात, गोळ्या चालू करतात, मायबापाले बसवून सांगतात: याले पाणी भरपूर पाजा, उन्हात राबवू नका, अंग दुखलं, ताप आला तर घरी बसू नका. एवढं माहीत असलं तर पोट्टं निभावून नेते. माहीत नसलं तर एखाद्या उन्हाळ्यात हातचं जाते, आणि लोक म्हणतात, काय झालं कळलंच नाही.

शिबिरांचं काम शांताबाईकडे. तिचा बाप रेल्वेत होता, घर इथंच मागच्या गल्लीत. वीस वर्षांपासून ती गावोगावी फिरून राहिली. तिच्या पिशवीत एक लांब वही असे आणि दोष निघालेल्या प्रत्येक पोराचं नाव ती त्यात लिही. ती वही दोन वर्षांआधी मीच बंद करवली. म्हटलं, बाई, आजाराची गोष्ट आहे, वही बसमध्ये राहिली तर कोण वाचेल काय भरवसा? टॅबलेटवर हिरवं 'जमा' आलं की समजायचं, झालं. टॅबलेटलेही मी हेच शिकवलं होतं, की सर्व्हरकडून 'जमा' आलं की तुझ्याजवळची प्रत पुसून टाक.

"मन नाही मानत, ताई," शांताबाई म्हणाली होती.

"मनाचं इथं काय काम?" मी म्हटलं.

मागच्या साली सर्व्हरचं कर्नल बदलायची वेळ आली. कर्नल म्हणजे मशीनचा गाभा. डिस्कवर काय लिहायचं, कधी लिहायचं, कधी 'झालं' म्हणायचं, हे सगळं तो पाहते. आमचं कर्नल इतकं जुनं झालं होतं की त्याची डागडुजी करणारं कोणी राहिलं नव्हतं. आमचे डॉक्टर निरंजन सर म्हणाले, बदलून टाका. मी म्हटलं, असं कसं, आधी मोजू.

मोजण्यात मी पक्की. स्पेअर मशीन घेतली, तीच डिस्क, तीच फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, आणि तीन कर्नल: आपलं जुनं, एक मधलं, एक नवं. हजारो छोटे रेकॉर्ड लिहायचे, प्रत्येकामागं 'पक्कं लिही' असा हुकूम द्यायचा आणि सेकंदाले किती होतात ते पाहायचं. प्रत्येक कर्नलवर वीस-वीस वेळा केलं. जुन्यावर सेकंदाले एकेचाळीसशे आले. मधल्यावर सहाशे. नव्यावर पाचशे ऐंशी.

आता यातली मेख सांगते. बहुत वर्षांआधी, टॅबलेट अडकतात अशी बोंब झाली होती, तेव्हा मीच फाइल सिस्टिमले एक सेटिंग टाकलं होतं. त्याचा अर्थ असा, की डिस्कनं 'घेतलं' म्हटलं की मान, खरंच आत लिहून झालं का ते विचारत बसू नको. इन्व्हर्टर होतं, बॅटरी नवी होती, चालून गेलं आणि मी विसरून गेली. मधल्या कर्नलनं लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, एक ओळ टाकली, की हे सेटिंग आता चालत नाही. ती मी वाचली, आणि सोडून दिली. नव्या कर्नलनं तर त्या सेटिंगवर डिस्क जोडायलेच नाही म्हटलं. मी वैतागून ते काढलं आणि पुढं गेली. अबे, तिथंच थांबायचं होतं ना. तीन कर्नल मोजून राहिली होती, आणि त्यातलं एकच खोटं बोलून राहिलं होतं, आणि मी त्यालेच पहिला नंबर दिला.

मीटिंगमध्ये मी रंगीत तक्ता वाटला. सांगितलं, नवं कर्नल सात पट हळू आहे, शिबिरातले लोक ताटकळत बसतील, हे साल जुन्यावरच काढू. सर लगेच हो म्हणाले. फक्त यशदीपनं हात वर केला. तो माझा ज्युनियर, सहा महिन्यांआधी आलेला. मराठी घरचाच आहे, समजते सगळं, पण बोलते हिंदीत.

"दीदी, इतना फरक कर्नल का नहीं हो सकता. मुझे लगता है पुराना वाला डिस्क तक लिख ही नहीं रहा. एक बार चलते में प्लग खींचकर देखो ना."

"काहून? तुझ्या घरचा मिक्सर आहे का तो?" मी म्हटलं. "आकड्यात खोट असली तर दाखव, नाही तर चूप बस."

सगळे हसले. तोही हसला आणि खाली पाहून तक्त्याची घडी घालत बसला.

नोव्हेंबरात महासमुंदकडच्या एका गावात शिबिर होतं. धानाची कापणी संपत आली होती. संध्याकाळी सहाले शांताबाईचा फोन आला, ती शाळेच्या ओसरीतूनच बोलून राहिली होती.

"ताई, एकशे चौसष्ट झाले. सात निघाले. थांबा, आत्ता पाठवते." थोडा वेळ गेला. "आलं हिरवं. सगळे जमा." मग तिनं फोन बाजूले धरून कोणाले तरी छत्तीसगढ़ीत म्हटलं, "हव, हव, चढ़गे." म्हणजे हो, हो, चढलं. मग मले म्हणाली, "निघतो आम्ही."

"या आरामात," मी म्हटलं. फोन ठेवला, आणि लाइट गेली.

उन्हाळ्यात सर्व्हरच्या त्या खोलीत इन्व्हर्टरची बॅटरी उकडून निघाली होती. तिनं अर्धा मिनिटही काढला नाही. चार मिनिटांत लाइट आली, सर्व्हर चालू झाले, पण फाइल सिस्टिम उघडेचना. अर्धं लिहिलेलं, अर्धं नुसतं 'घेतलं' म्हटलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुरुस्ती पूर्ण झाली. शिबिराच्या आदल्या दिवशीपर्यंतचं बॅकअपमधून सगळं परत आलं. शिबिराच्या दिवसाची फाइल तेवढी रिकामी निघाली. यशदीपनं टॅबलेट उघडून दोन दिवस काहीतरी वाचवायची खटपट केली. काही निघालं नाही. मीच इतकं छान पुसायले शिकवलं होतं.

दुसरं शिबिर लावायले नऊ दिवस गेले. तोवर गावातली अर्धी घरं कुलपं लावून वीटभट्टीवर कमवायले निघून गेली होती, पोरांसकट. दरसालचंच आहे ते. शाळेच्या हजेरीवरून एकशे चौसष्ट नावं मिळाली, पण गावात सापडले एक्याण्णव. त्यांचं परत रक्त घेतलं, त्यात चार निघाले.

सातातून चार. राहिले तीन. गेलेल्या त्र्याहत्तर पोरांत तीन जण, आणि ते कोण हे जगात कोणालेच माहीत नाही.

कोणी म्हणे तेलंगणा, कोणी म्हणे उत्तर प्रदेश. ज्यांचे नंबर मिळाले त्यांना मी स्वतः फोन लावले. बावीस लोकांनी उचलले. मी म्हटलं, तुमच्या पोराचं रक्त परत तपासायचं आहे. एक बाप म्हणाला, "काबर? का होगे ओला?" मी म्हटलं, काही झालं असंल असं नाही, तिघांले आहे, त्यातलं तुमचं असंल नसंल. तो मग म्हणाला, ठेकेदार हाक मारून राहिला, आणि फोन ठेवला. त्यानं तरी काय करायचं? मी काय सांगून राहिली होती त्याले?

मग एक दिवस दुपारी मी स्पेअर मशीन टेबलावर घेतली. यशदीपले बोलावलं. म्हटलं, ओढ प्लग.

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि ओढला. दहा वेळा जुन्या कर्नलवर, दहा वेळा नव्यावर. जुन्यानं 'पक्कं लिहिलं' म्हणून सांगितलेले रेकॉर्ड दरवेळी गायब, कधी दोनशे, कधी हजार, दोनदा तर फाइल सिस्टिमच उघडली नाही. नव्यावर एकही गेला नाही. हळू होतं, पण जेवढं 'झालं' म्हटलं तेवढं झालं होतं. तेच पाचशे ऐंशी, ज्याच्यावर मी लाल रंग मारला होता.

तो 'मैंने बोला था' म्हणेल म्हणून मी वाट पाहून राहिली होती. म्हणाला असता तर मी त्याच्या पाया पडली असती. त्यानं वायर गुंडाळली आणि विचारलं, "चाय लाऊं दीदी?" मले रडू आलं. चौदा वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा रडली.

सरांनी मले काढलं नाही. मी कबुलीचा कागद लिहून दिला तर म्हणाले, चूक मशीनची आहे, मनाले लावून घेऊ नका. मशीनची काय चूक? तिले जे सांगितलं ते तिनं केलं. नवं कर्नल टाकलं, बॅटरी बदलली, टॅबलेट आता महिनाभर प्रत ठेवते. सगळं ठीकठाक झालं आहे, आणि त्या तिघांले त्याचा काडीचा उपयोग नाही. मार्च लागला. भट्टीवरचं ऊन काय असते ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण आता मले तेच दिसत राहते.

परवा शांताबाई आली. तिच्या पिशवीत नवी वही होती. मी ती पाहिली आणि चहा मागवला. चहा झाला. हजारदा नावं विचारून झाली होती, आता म्हटलं, बाई, कोणाचं तोंड तरी आठवते का?

"एक पोट्टी आठवते," ती म्हणाली. "दुसऱ्या शिबिरात कितीक शोधली, नव्हती. सातातलीच. निकाल पाहून मी चूप झाली, तर तिले समजलं काहीतरी आहे म्हणून. मी सांगितलं, भिऊ नको, तुझं नाव यात चढलं ना, की डॉक्टर गोळ्या घेऊन तुझ्या घरी येतील. सगळे पोट्टे पळून गेले, ती शेवटपर्यंत ओसरीत उभी. 'मोर नाव चढ़गे, दीदी?' म्हणून विचारत होती. तुम्ही फोनवरच होता तेव्हा. हिरवं आलं, मी म्हटलं, हव."

तो 'हव' मीही ऐकला होता. अजून कानात आहे.

"नाव काय होतं तिचं?" मी विचारलं. "आठवा ना, बाई. अर्धं तरी."

शांताबाई कपातल्या सायीकडं पाहत बसली.

"मी ध्यानातच नाही ठेवलं, ताई," ती म्हणाली. "चढलं होतं ना."