शेगडीवरचं रिकामं पातेलं

मित्रांनो, मी एक जुनं पातेलं आहे. बूड काळंकुट्ट, कडेला पोचा. पण अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या या सोरॉरिटीत सगळ्यांत थोरलं मीच! सोरॉरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींचं, एकमेकींना बहीण मानणारं मंडळ.

ते मीनाक्षी नावाच्या मुलीनं सुरू केलं. तिच्या आईनं मला नागपूरहून पाठवलं, पोटात चिवडा भरून. पहिल्याच हिवाळ्यात मीनाक्षीला घरची फार आठवण आली. तिनं मला शेगडीवर ठेवलं आणि काही न शिजवताच रडत बसली. मुली आल्या. कुणी तांदूळ टाकले, कुणी डाळ. का रडतेस, असं एकीनंही विचारलं नाही. खिचडीबरोबर तिचं रडं निवलं. मग रीतच पडली. रिकामं पातेलं शेगडीवर दिसलं, की कुणाला तरी सोबत हवी आहे. तोंडानं मागायचं नाही, दिसेल तिनं यायचं. काय कौतुक होतं तेव्हा माझं!

पुढे मुली फोनवरच बोलू लागल्या आणि मी कपाटात धूळ खात पडलं. यंदा रुचा नवी आली. मंडळाचा इतिहास आणि मूल्यं पाठ करून तिनं मंडळात घेताना होणाऱ्या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळवले. माझ्याबद्दल मात्र तिला कुणी चकार शब्द सांगितला नाही!

थोरल्या नैनाची आई उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून पोरगी सगळ्यांना ‘आय ॲम फाइन’ म्हणते. आज सकाळी तिनं जुनी रीत आठवून मला शेगडीवर ठेवलं आणि खोलीचं दार उघडं टाकून वाट बघत बसली.

रुचा आली. “कोण विसरलं यार हे?” म्हणत तिनं मला मायेनं घासलं, पुसलं आणि कपाटात ठेवलं. अगं बाई, नको! माझा जीव नुसता तडफडत होता.

नैना बाहेर आली. शेगडी रिकामी.

“म्हणजे कुणीतरी बघितलं,” ती पुटपुटली, “आणि उचलून ठेवलं.”

तिनं बॅग भरली. कॉलेज कायमचं सोडून निघाली.

“बाय, नैनाताई! हॅव फन!” रुचा हसून म्हणाली. तिला वाटलं, ताई फिरायला चालली.

मित्रांनो, नव्या माणसाला नुसता इतिहास पाठ करायला लावू नका, आपल्या रीती सांगा. पण ते नंतर! आधी त्या रुचाला हाक मारा. मला बाहेर काढायला सांगा. कपाटाच्या फटीतून मला खिडकी दिसते. नैना समोरच्या स्टॉपवर उभी आहे. बस अजून आलेली नाही.