चॅम्पियनचा सत्कार

रोज सकाळी वहिनी नवऱ्याच्या हातांना पट्ट्या बांधायच्या. आधी मनगट, मग अंगठा, मग बोटांचे सांधे. एकेकाळच्या या बॉक्सिंग चॅम्पियनच्या डोक्याचा ठोसे झेलून झेलून पार भुगा झाला होता. हात मोकळे असले की ते दूधवाल्यावरही धावून जात. पट्ट्या बांधल्या की मात्र आपण रिंगशेजारच्या खोलीत बसलोय असं त्यांना वाटे, आणि ते गरीब गायीसारखे बसून राहत.

"माझा नंबर कधी?"

"अजून दोघांच्या लढती व्हायच्यात. बसा."

या एका उत्तरापुढे सगळ्या गोळ्या पाणी भरत. मुलाला हे नाटक पटत नव्हतं. मागच्या महिन्यात बापाचा ठोसा त्याच्याच जबड्यावर बसला होता.

"आई, आता पुन्हा कुणावर हात उचलला, तर मी त्यांना आश्रमात ठेवणार. मग तू रडलीस तरी."

वहिनी तो आश्रम पाहून आल्या होत्या. तिथल्या खाटांना चामड्याचे पट्टे होते. त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

अशात त्यांच्या जुन्या बॉक्सिंग क्लबला अचानक प्रेमाचा उमाळा आला. इतकी वर्षं कुणी फिरकलं नव्हतं, आणि आता म्हणे सभागृहाला चॅम्पियनचं नाव देणार! वहिनी लगेच हो म्हणाल्या. चारचौघांत ते शांत बसलेले दिसले की मुलगा आपोआप गप्प होईल, असं त्यांना वाटलं.

कुणा शहाण्याच्या डोक्यातून निघालं की सत्कार रिंगमध्येच करायचा. दोरांच्या आत खुर्च्या मांडल्या. कोटाच्या बाह्यांखाली पट्ट्या बांधलेले चॅम्पियन मुकाट्याने भाषणं ऐकत राहिले. पहिल्या रांगेत मुलाचा चेहरा हळूहळू सैल झाला. वहिनींना ते दिसलं आणि मनातून फार बरं वाटलं.

मग निवेदकाला चेव आला. जुन्या थाटात माइकवर ओरडला, "आणि आता येताहेत, निळ्या कोपऱ्यातून..."

चॅम्पियन ताडकन उठले. "अहो, बसा, तुमचा नंबर नाही," म्हणत वहिनी धडपडत त्यांच्यासमोर गेल्या, आणि चॅम्पियनचा डावा ठोसा वहिनींच्या गालफडावर बसला.

वहिनी कोसळल्या. चॅम्पियन वळले आणि समोरच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. नियमच तो. दहा आकडे मोजेपर्यंत पडलेला उठला तर लढत पुन्हा सुरू, नाही उठला तर संपली. वहिनींनी तो नियम आयुष्यभर प्रेक्षकांत बसून पाहिला होता. मुलगा दोर ओलांडून धावत येत होता. कोपरावर रेटा देऊन उठू पाहणाऱ्या वहिनी पुन्हा आडव्या झाल्या.

"तू मागे हो," त्या त्याला म्हणाल्या. मग निवेदकाकडे बघून, "मोजा."

निवेदक दहापर्यंत मोजत गेला. चॅम्पियननी दोन्ही हात वर केले. मग जवळ येऊन, हरलेल्या प्रत्येकाला उठवत तसं त्यांना बगलेत हात घालून अलगद उठवलं.

"फार लागलं का रे? चांगला लढलास." आणि त्यांच्या डोक्यावरून गर्दीत बघत, "आमची मंडळी कुठे बसलीय? तिला सांगा, जिंकलो म्हणावं. आता घरी जाऊ."

वहिनींनी तोंडातलं रक्त गिळलं. मुलाकडे बघून 'नको' अशी मान हलवली.

"बाहेर गाडीत बसलीय ती," त्या म्हणाल्या. "चला, मी नेते."