ओरू प्रेतूच्या चढावर

मित्रांनो, मी बाभळीची काठी आहे. जुनी, मुठीशी झिजून गुळगुळीत झालेली. सत्तारभाई नगरच्या सावेडीत फर्निचर बनवायचे. बायकोचे, म्हणजे शहजादीबींचे, गुडघे दुखू लागले तेव्हा त्यांनी मला तासलं आणि माझी मूठ शहजादीबींच्या तळहाताच्या मापाने घासली. "मी काय म्हातारी झाले?" म्हणून त्या रुसल्या. पण शेजारणींनी माझं कौतुक केलं, तशा मला घेऊन बाजारभर मिरवल्या.

पुढे सत्तारभाई वारले. शहजादीबींनी घराबाहेर पडणंच सोडलं. मी दारामागे धूळ खात उभी राहिले.

त्यांची लेक इन्शा साखर कारखान्याच्या यंत्रांच्या कामासाठी ब्राझीलला राहते. ती हट्टाने आईला तिकडे घेऊन गेली, सोबत मलाही. एका सुट्टीत आम्ही ओरू प्रेतूला गेलो. पोर्तुगीजांच्या काळात सोन्याच्या खाणींमुळे उभं राहिलेलं हे डोंगरातलं जुनं शहर. पांढऱ्या भिंती, रंगीत चौकटी, कौलारू छपरं, आणि दगडी गल्ल्यांचे असे उभे चढ की मला धडकीच भरली.

इन्शा म्हणाली, "अम्मी, तू या पायरीवर बस. मी वरच्या चर्चचे फोटो काढून आणते."

"फोटो काय, नगरला बसूनही बघितले असते. चल, मी येते."

दगड ओले होते. मध्येच माझ्या टोकाचं झिजलेलं रबर सटकलं आणि शहजादीबींचा तोल गेला. तेवढ्यात तिथलीच एक आजी, आपली काठी टेकत, दारातून पुढे आली आणि तिने त्यांचा दंड घट्ट धरला. ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली.

"व्हय बाई, लई चढ हाय," शहजादीबी म्हणाल्या.

दोघी हसल्या. मग हात न सोडता, थांबत थांबत, वरपर्यंत चढल्या.

चर्चचं दार लाकडी, कोरीव होतं. शहजादीबींनी मला भिंतीला टेकवलं आणि नक्षीवरून हळूहळू बोटं फिरवली.

"तुझे अब्बा असते ना, तर इथून हललेच नसते. दिवसभर सांधे निरखत बसले असते."

सत्तारभाई गेल्यापासून घरात त्यांचं नाव कुणी काढत नव्हतं. इन्शाचे डोळे भरून आले. "अजून सांग ना, अम्मी."

सगळा उतार संपेपर्यंत शहजादीबी सांगत राहिल्या.

नगरला परतल्यावर त्यांनी स्वतः दुकानात जाऊन मला नवं रबर बसवून आणलं. आता रोज संध्याकाळी आम्ही बाहेर असतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी काठी उभी असेल. तिचं रबर झिजलं असेल तर बदलून द्या. आणि ती टेकणाऱ्याला एकदा जवळ बसून विचारा, कुठे जावंसं वाटतं?